जिंकलेल्याला नोटीस कशाला?

अपिलाच्या नोटिशीबद्दल वकीलवर्गात आणि पक्षकारांत एक मत पक्कं रुजलं आहे. दाव्याचं समन्स महत्त्वाचं, कारण आपल्यावर दावा झालाय हेच माणसाला तोवर ठाऊक नसतं. अपिलात तसं काही नाही. उत्तरवादी खालच्या कोर्टात वर्षानुवर्षं लढलेला असतो, त्याचा वकील असतो, निकालाची नक्कल त्याच्या हातात असते. त्याला पुन्हा शोधत बसल्यामुळेच अपिलं कुजतात. म्हणून जुन्या वकिलाकडे प्रत द्यावी, फार तर मोबाइलवर पाठवावी, आणि सुनावणी घ्यावी.

हे मत चुकीचं आहे. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात तर ते अन्यायाचं आहे.

सालवडचंच उदाहरण घेऊ. पालघर तालुक्यातल्या या गावाची जमीन तारापूरच्या एमआयडीसीत गेली, आणि उरलेल्या गुंठ्यांना भाव आला. समजा, डहाणूला दिलेल्या बहिणीने वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा पालघरच्या दिवाणी न्यायालयात लावला आणि जिंकला. ती घरी गेली. जिंकलेला माणूस कोर्टाची पायरी चढायचं थांबवतो, हा मनुष्यस्वभाव आहे. हरलेला भाऊ मात्र तीस दिवसांत वरच्या कोर्टात जातो. पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी जिल्हा न्यायालय म्हणजे ठाणे. म्हणजे कोर्ट दुसरं, जुन्या अपिलांत गावही दुसरं, आणि बहुतेक वेळा वकीलही दुसरा. दावा माहीत असणं आणि अपील माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वपक्षाची पहिली गफलत इथेच होते.

त्यांचा सर्वांत बळकट आधार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या आदेशातला चौथा नियम. वकीलपत्र दाव्याची सगळी कामं संपेपर्यंत चालू राहतं, आणि हुकूमनाम्यावरचं अपील हेही त्या कामांतच मोडतं, असं त्या नियमाच्या स्पष्टीकरणात आहे. मग जुन्या वकिलावर बजावणी का नको? कारण तोच नियम पुढे वाचावा लागतो. तिसरा पोटनियम सांगतो की, ज्या कोर्टासाठी वकील नेमला त्याखेरीज दुसऱ्या कोर्टाने काढलेली नोटीस वकिलावर बजावण्याचा अधिकार या तरतुदीतून मिळत नाही. पक्षकाराने वकीलपत्रातच तशी स्पष्ट संमती दिली असेल तर गोष्ट निराळी. अपील वरच्या कोर्टात गेल्यावर हीच शंका येणार, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं आणि तिचं उत्तरही देऊन ठेवलं होतं. अर्धा नियम उद्धृत करून उरलेला सोडणं हा युक्तिवाद नव्हे.

दुसरा आधार आदेश 41, नियम 14 चा. अपिलाशी आनुषंगिक कामाची नोटीस काही उत्तरवाद्यांना देण्याची गरज नाही, असं चौथा पोटनियम म्हणतो खरं. पण ती सवलत कोणापुरती? जो खालच्या कोर्टात हजर होऊन पत्ता दाखल करून गेला, त्याला ती लागू होत नाही. आणि मूळ अपिलाच्या सुनावणीची नोटीस प्रतिवादीला समन्स बजावतात त्याच रीतीने बजावायची, हा तर त्या नियमाचा पायाच आहे.

तिसरा मुद्दा नोंदवलेल्या पत्त्याचा, आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. आदेश 6, नियम 14-अ प्रमाणे पक्षकाराने दिलेला पत्ता अपिलातही चालतो. बदलला तर कळवण्याची जबाबदारी त्याचीच. पण हा नियम नोटीस कुठे पाठवायची एवढंच सांगतो. ती पाठवायची गरज नाही, असं तो म्हणत नाही.

प्रत्यक्षात बजावणी कशी होते तेही पाहावं. कारखान्यांच्या भोवतीच्या चाळींत खोल्यांचे भाडेकरू सतत बदलतात. बेलीफ जातो, कुलूप दिसतं, दारावर प्रत चिकटवतो, अहवाल देतो. आदेश 5 चा नियम 17 एवढ्यावर समाधान मानत नाही. आधी वाजवी शोध, मग चिकटवणं, आणि अहवालात घर कोणी दाखवलं, कोणासमक्ष चिकटवलं त्याचं नाव-पत्ता. पुढे नियम 19 प्रमाणे बेलीफाचं प्रतिज्ञापत्र किंवा त्याची शपथेवर तपासणी, आणि त्यानंतर बजावणी रीतसर झाली की नाही हे कोर्टाने स्वतः ठरवायचं. दार दाखवणाऱ्या शेजाऱ्याचं नाव नसलेला अहवाल म्हणजे नुसता कागद. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं तर तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी उठलीच. दाव्यातला पत्ता अशा उठलेल्या गावचा असेल, तर चिकटवायला दार तरी कुठून आणणार?

पण नोटीस चुकवणाऱ्यांचं काय? ते आहेत, आणि त्यांचा त्रास खरा आहे. मात्र त्यांच्यावरचे उपाय याच नियमांत आहेत. घेण्यास नकार दिल्याचा शेरा आला तर कोर्टाने बजावणी झाल्याचं जाहीर करायचं असतं. माणूस टाळतोय अशी खात्री पटली तर नियम 20 खाली पर्यायी बजावणी आहे, आणि जाहीर नोटीस त्या माणसाच्या शेवटच्या ज्ञात वस्तीत खपणाऱ्या दैनिकातच द्यावी लागते. 2002 च्या दुरुस्तीने कुरिअर, फॅक्स, ई-मेल आले. सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली, पण कुरिअरच्या खोट्या शेऱ्यांबद्दल सावधही केलं. व्हॉट्सअॅपलाही तोच न्याय लावावा: साधन म्हणून चालेल, पण पोचल्याचा पुरावा हवाच. सिम बदललेल्या कामगाराच्या जुन्या नंबरावर गेलेला संदेश हा पुरावा नव्हे.

कोणी म्हणतं, जिंकलेल्याने कॅव्हेट टाकावं. संहितेच्या कलम 148-अ चं कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं आणि अर्जांपुरतं असतं. अपिलाच्या नोटिशीची जागा ते घेत नाही.

उरला वेळ वाचवण्याचा दावा. नोटीस रीतसर बजावली नव्हती असं दाखवलं, तर आदेश 41, नियम 21 खाली अपिलाची फेरसुनावणी होते. त्यासाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद 123 मध्ये तीस दिवस आहेत. नोटीस रीतसर मिळालीच नसेल तर ते हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून धरतात. त्या अनुच्छेदाचं स्पष्टीकरण आणखी पुढे जातं: या हिशेबापुरती पर्यायी बजावणी ही रीतसर बजावणी मानायचीच नाही. घाईने उरकलेलं अपील पाच वर्षांनी पुन्हा उघडतं, तोवर जमीन तिसऱ्याला विकली गेलेली असते आणि खरेदीदारही कोर्टात ओढला जातो. पूर्वपक्ष ज्याला बचत म्हणतो ती हीच.

पालघर-ठाण्यातल्या वकिलांना माझी विनंती आहे. निकालाच्या दिवशी पक्षकाराचा आजचा पत्ता आणि मूळ गावचा पत्ता, दोन्ही लिहून घ्या, बदल झाला असेल तर कोर्टात दाखल करा, आणि वरच्या कोर्टाची नोटीस स्वीकारणार की नाही हे वकीलपत्रात स्पष्ट लिहा. आणि अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांनी, बजावणी रीतसर झाली की नाही याचा निर्णय रोजनाम्यात नोंदवल्याशिवाय एकतर्फी सुनावणी घेऊ नये.