रूझवेल्ट यांचा खोकला : एका निदानाचा इतिहास

हृदय निकामी होऊ लागल्याची पूर्वलक्षणे वैद्यकशास्त्रास ज्ञात असतानाही ती वेळीच का ओळखली जात नाहीत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आजाराच्या आधारे केला आहे.

डिसेंबर १९४३ मध्ये तेहरान परिषदेहून परतल्यावर रूझवेल्ट यांना इन्फ्लुएंझा झाला. ताप गेला, खोकला आणि थकवा मात्र राहिला. बोलता बोलता त्यांना डुलकी लागू लागली. त्यांचे अधिकृत वैद्य रॉस मॅकिन्टायर हे कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. त्यांनी या तक्रारींचा संबंध इन्फ्लुएंझा व श्वासनलिकेच्या दाहाशी जोडला. प्रत्येकाला आपल्या शाखेतीलच रोग आधी दिसतो, असे म्हणणे येथे अगदीच अनाठायी ठरू नये.

कन्या ॲना यांच्या आग्रहामुळे मार्च १९४४ च्या अखेरीस बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासणी केली. रक्तदाब १८६/१०८ होता, हृदयाचा आकार वाढलेला होता आणि दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी ओलसर आवाज ऐकू येत होते. हृदयाची डावी बाजू रक्त पुरेसे पुढे ढकलू शकली नाही, की ते मागे फुफ्फुसांत तुंबते व द्रव पाझरतो. आडवे होताच पायांकडील रक्तही छातीकडे येते. म्हणून रात्री दम लागतो, खोकला येतो, उशा वाढवाव्या लागतात. चालताना धाप लागणे हे नेहमीचे प्रारंभिक लक्षण. परंतु १९२१ च्या आजारपणापासून रूझवेल्ट यांचे पाय लुळे होते. ते लक्षण नेहमीच्या रूपात प्रकट होण्यास त्यांच्याबाबतीत वावच नव्हता, हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

वरिष्ठांशी मतभेद झाल्यानंतर ब्रुएन यांना डिजिटॅलिस देता आले. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ज्या वनस्पतीचे गुण नोंदविले, तिचेच हे औषध. सुमारे दोन आठवड्यांत फुफ्फुसे मोकळी झाली. रक्तदाबावर मात्र त्या काळी परिणामकारक औषध नव्हते. जनतेला प्रकृती उत्तम असल्याचे सांगण्यात आले. नोव्हेंबरमध्ये रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले, फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे गेले आणि १२ एप्रिल रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन पावले.

त्यांची रुग्णालयीन कागदपत्रे पुढे सापडली नाहीत. त्यामुळे ब्रुएन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला वृत्तान्त हेच अभ्यासकांचे प्रमुख साधन आहे. पुढच्याच वर्षी, १९४८ पासून चालू असलेल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातून या विकाराच्या निदानाचे निकष प्रसिद्ध झाले. वाढलेले हृदय आणि फुफ्फुसांतील ओलसर आवाज यांना त्यांत प्रमुख निकषांचे स्थान आहे, तर रात्रीचा खोकला गौण निकषांत मोडतो.