तर्क माणसाचा कीं वस्तूचा?

घरोघरीं आज एक वाक्य वारंवार कानीं येतें. वाद थोडा रंगला, दोन प्रश्न अडचणीचे निघाले, कीं एकजण हात झटकून म्हणतो, “तुमचें लॉजिक निराळें, आमचें लॉजिक निराळें.” बोलणारा बहुधा भांडण मिटावें याच सद्भावनेनें बोलतो. परंतु त्या वाक्याच्या पोटीं एक मोठा सिद्धांत दडलेला आहे. तो असा कीं, आवडीनिवडीप्रमाणेंच तर्कही ज्याच्या-त्याच्या मनाचा धर्म असून माणसागणिक बदलतो. हा सिद्धांत खरा असेल, तर न्यायालयाचा निकाल, वैद्याचें निदान आणि फळ्यावरची भूमितीची सिद्धता, हीं सारीं केवळ मतेंच ठरतील. आणि मतामतांचा झगडा लागल्यावर ज्याचा आवाज मोठा त्याचें खरें, याहून दुसरा निवाडा उरणार नाहीं. उलट तो सिद्धांत खोटा असेल, तर मनाबाहेर तर्काला आधार कशाचा, हें आपल्याला सांगावें लागेल. या प्रश्नाचा आपल्या प्रांतांत विचार कसकसा होत आला, तें आज थोडक्यांत पाहूं.

प्रथम शब्दाकडे लक्ष देऊं. मराठींत ‘तर्क’ म्हणजे बहुधा अंदाज. “माझा आपला एक तर्क” असें म्हणणारा मनुष्य आपल्या बोलण्याची अर्धी जबाबदारी सोडूनच बोलत असतो. आणि ‘तर्कट’ या शब्दांत तर उघड निंदा आहे. शास्त्रांत मात्र या शब्दाची कथा अधिक मनोरंजक आहे. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्याय-वैशेषिकांचा बालबोध ग्रंथ. पाठशाळांतून न्यायशास्त्राचा श्रीगणेशा पिढ्यान्‌पिढ्या त्यानेंच होत आला. त्यावर ग्रंथकारानें स्वतःच ‘दीपिका’ नांवाची टीका लिहिली. तींत ग्रंथनामांतील ‘तर्क’ शब्दाचा अर्थ देतांना तो सांगतो कीं, तर्क म्हणजे द्रव्य, गुण, कर्म इत्यादि पदार्थ. अर्थात् जगांतील वस्तुजात. पुढें बुद्धीचे प्रकार सांगतांना मात्र तोच ग्रंथकार तर्काला संशय आणि विपर्यय यांच्या पंक्तीला बसवितो व त्याची गणना अयथार्थ अनुभवांत करतो. ग्रंथाच्या माथ्यावर हा शब्द वस्तूंचा वाचक, आणि आंत मनांतील एका अयथार्थ अनुभवाचा! आपला आजचा प्रश्न या एका शब्दांत सांठविलेला आहे.

ही ग्रंथकाराची विसंगति आहे असें कोणी समजूं नये. डोंगरावर धूर दिसतो, आग दिसत नाहीं. मनांत शंका येते कीं, धूर असूनही आग नसेल. तेव्हां “आग नसती तर धूरही नसता” अशी उलट कल्पना करून आपण ती शंका दूर करतों. या कल्पनेला शास्त्रांत तर्क म्हणतात. आग तर तेथें आहे; ती ‘नसती तर’ हें वस्तुस्थितीच्या विरुद्ध गृहीत धरलेलें असतें, म्हणून तो अनुभव अयथार्थ. तरी तो खऱ्या ज्ञानाची वाट मोकळी करतो, म्हणून प्रमाणांचा साहाय्यकर्ता. खटपट मनाची खरी. पण ती ज्याच्या बळावर सफल होते, तो धूर आणि अग्नि यांचा संबंध वस्तूंचा आहे.

नैयायिकांनीं अनुमानाचे दोन भेद केले, तेही याच दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. पहिलें स्वार्थानुमान. मनुष्य स्वयंपाकघरांत धूर आणि अग्नि यांचें साहचर्य वारंवार पाहतो. जेथें धूर तेथें अग्नि ही व्याप्ति त्याच्या ध्यानीं येते. पुढें डोंगरावर धूर पाहतांच ती त्याला आठवते आणि आगीचें ज्ञान होतें. हें सर्व त्याच्या एकट्याच्या आत्म्यांत घडतें. दुसरें परार्थानुमान. येथें तेंच ज्ञान दुसऱ्याला करून द्यावयाचें असतें. तेव्हां प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन अशीं पांच वाक्यें क्रमानें उच्चारावीं लागतात. काय सिद्ध करावयाचें, कशावरून, नियम कोणता व तो कोठें दिसला, तो प्रस्तुत ठिकाणीं लागू कसा, आणि म्हणून काय ठरलें, एवढा हिशेब चारचौघांत मांडावयाचा. ऐकणारा त्यांतील कोणत्याही पायरीवर बोट ठेवूं शकतो. ‘मला तसें वाटतें’ या शब्दांना या पांचांत कोठेंही जागा नाहीं.

आमच्या विक्रोळीस पश्चिमेच्या अंगाला टेकड्या आहेत. पावसाळ्यांतील एखाद्या सकाळीं त्यांवर पांढुरकें कांहीं तरंगतांना दिसतें, आणि नवख्याला धुराचा भास होतो. त्यावरून कोणी ‘टेकडीवर आग आहे’ असें म्हटलें, तर चूक कोठें झाली? नियम खोटा नाहीं. पण ज्याला धूर म्हटलें तें धुकें होतें. हेतूच पक्षावर नाहीं. शास्त्रांत याला स्वरूपासिद्ध हेत्वाभास म्हणतात. दुसरा कोणी तोच नियम उलटा फिरवून ‘जेथें अग्नि तेथें धूर’ म्हणूं लागला, तर त्याच्यापुढें लोहाराच्या भट्टींतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवावा. त्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. धुराला ओलें सर्पण लागतें. ती अट, म्हणजे उपाधि, विसरल्यामुळें नियम फसला. या दोन्ही दोषांचा निर्णय बोलणाऱ्याच्या वयावर, कुळावर किंवा पदवीवर होत नाहीं. तो धुक्यावर आणि लोखंडावर होतो.

हें जुनें शास्त्र एकोणिसाव्या शतकांत नव्या शास्त्राच्या शेजारीं येऊन बसलें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि महाविद्यालयांतून युरोपीय तर्कशास्त्र शिकविलें जाऊं लागलें. त्याच मुंबईंत एल्फिन्स्टन महाविद्यालयांतील भीमाचार्य झळकीकर यांनीं न्यायाच्या पारिभाषिक शब्दांचा ‘न्यायकोश’ रचला. त्याची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनीं सुधारलेली आवृत्ति १९२८ सालीं पुण्याच्या भांडारकर संस्थेनें काढली. १८९७ सालीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टीपा आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेला ‘तर्कसंग्रह’ प्रसिद्ध झाला. त्यांत न्यायमताची युरोपीय तर्कशास्त्राशीं ठिकठिकाणीं तुलना आहे. अशा रीतीनें एकाच विद्यार्थ्याच्या मेजावर अन्नंभट्ट आणि मिल्ल एकत्र आले.

जॉन स्टुअर्ट मिल्ल यांचा तर्कशास्त्रावरील मोठा ग्रंथ १८४३ सालचा. सामान्य नियम अनुभवांतून कसे मिळवावे, याची पद्धति त्यांनीं घालून दिली, हा त्यांचा थोर उपकार होय. परंतु १८६५ सालच्या दुसऱ्या एका ग्रंथांत त्यांनीं तर्कशास्त्राला मानसशास्त्राची शाखा म्हटलें. आपल्याकडे मिल्ल आणि स्पेन्सर यांचा प्रभाव ज्यांच्यावर विशेष पडला, ते गोपाळ गणेश आगरकर. १८८८ सालीं त्यांनीं ‘सुधारक’ काढला आणि प्रत्येक रूढीला बुद्धीच्या कसोटीवर उभें केलें. येथें एक पेंच उत्पन्न होतो. तर्क ही माणसाच्या मनाची केवळ एक संवय असेल, तर रूढि हीही संवयच. मग एका संवयीनें दुसरीचा न्याय कोणत्या अधिकारानें करावा? आगरकरांच्या कार्याला जो तर्क हवा होता, तो मनाच्या सवयींहून बळकट असणें अवश्य होतें.

हाच पेंच जर्मनींत गोटलोब फ्रेग यांनीं सोडविण्याचा यत्न केला. १८८४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं मानसिक आणि तार्किक यांची कडक फारकत केली. १९०० सालीं हुसर्ल यांनींही तोच पक्ष सविस्तर मांडला. त्यांचें म्हणणें असें: माणसें विचार कसा करतात, हें सांगणें निराळें, तो कसा केल्यास खरा उतरतो, हें सांगणें निराळें. सगळा गांव बेरजेंत चुकला म्हणून बेरीज बदलत नाहीं. येथवर त्यांचें म्हणणें कोणालाही पटावें. परंतु पुढें फ्रेग यांना विचारांसाठीं एक तिसरेंच जग मानावें लागलें, जें मनांतही नाहीं आणि वस्तूंतही नाहीं. इंग्लंडांत रसेल यांनींही १९०३ च्या सुमारास, कोणी जाणो वा न जाणो, खरें किंवा खोटें असणारें असें ‘विधान’ मानलें. पुढें त्यांनीं स्वतःच ती कल्पना सोडली.

या कल्पनेची परीक्षा आपल्या पुण्यांत झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९८३ च्या जुलै महिन्यांत ‘नवभारता’चे संपादक मे. पुं. रेगे, दयाकृष्ण आणि इतर विद्वान यांनीं नैयायिक पंडित व विद्यापीठांतील तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसविलें आणि रसेल यांचा विधानविषयक सिद्धांत पंडितांपुढें चर्चेस ठेवला. त्या चर्चेचा ग्रंथ १९९१ सालीं ‘संवाद’ या नांवानें निघाला. अडचण कोठें होती, तें ध्यानांत घ्यावें. नैयायिकांच्या सात पदार्थांत ‘विधान’ नांवाचा पदार्थ नाहीं. त्यांच्या मतें ज्ञान हा आत्म्याचा गुण. तें कोणाचें तरी असतें, कोणत्या तरी क्षणीं उत्पन्न होतें. तरीही हेच नैयायिक बाह्य जगाच्या खरेपणाचे कट्टर पुरस्कर्ते. ज्ञान ज्याचें त्याचें. पण तें खरें कीं खोटें, हें त्याच्या विषयावरून ठरावयाचें. तिसऱ्या जगाची त्यांना गरज पडत नाहीं.

श्रोतेहो, माझ्या अल्प मतीप्रमाणें या उत्तरांत आपल्या प्रश्नाचा उलगडा आहे. ‘तर्क’ म्हणतांना आपण तीन गोष्टी एकत्र कालवतों: विचार करण्याची क्रिया, ती मांडण्याची रीत, आणि तिला आधारभूत असलेला संबंध. क्रिया निःसंशय व्यक्तीची आहे. एकाला उत्तर झटकन सुचतें, दुसऱ्याला तासानें. रीत समाजाची आहे. ग्रीकांनीं तीन वाक्यें पुरेशीं मानलीं, आपण पांच. पण आधार कोणाच्याच मालकीचा नाहीं. यावर कोणी म्हणेल कीं, आज तर्कपद्धतीही अनेक आहेत. १९०८ सालीं ब्रौवर यांनीं अनंत संख्यांच्या बाबतींत ‘आहे किंवा नाहीं’ हा नियमही डोळे मिटून मानण्यास नकार दिला. खरें आहे. परंतु नकाराचीं कारणें त्यांनीं उघड मांडलीं, आणि तीं तपासण्याचा अधिकार सर्वांना ठेवला. नियमांविषयीं वाद घालणें निराळें आणि आवडीनें नियम मोडणें निराळें.

या भेदाचें मोल ज्यांना शास्त्राचीं दारें बंद होतीं, त्यांनीं अधिक ओळखलें. नियम सर्वांचा असूनही तो शिकण्याचा अधिकार मूठभरांचा होता, हा आपल्या परंपरेवरील डाग झांकतां येणार नाहीं. १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभीं महात्मा जोतीराव फुले यांनीं शूद्रांच्या दैन्याचें मूळ एकेक कडी मागें नेत अविद्येपर्यंत दाखविलें. ती कारणांची सांखळी आहे. ती ओढून पाहण्यास कोणालाही मज्जाव नाहीं, आणि जी कडी टिकते ती म्हणणाऱ्याच्या जातीमुळें टिकत नाहीं. तर्क ज्याचा त्याचा असता, तर जोतीरावांना एवढेंच उत्तर मिळालें असतें कीं, हें तुमचें लॉजिक, आमचें निराळें. दुर्बळाच्या हातीं जें शस्त्र आहे, तें ‘ज्याचें त्याचें’ म्हणून आपण बोथट करूं नये.

म्हणून घरांतील मुलानें आपलें म्हणणें खोडून काढलें, तर त्याचें वय काढूं नये. हेतु विचारावा, उदाहरण मागावें, आणि तें टिकलें तर मान्य करावें. मुलानेंही वडिलांना तेंच मागावें. धूर आहे कीं धुकें, हें दोघांनीं मिळून टेकडीकडे पाहून ठरवावयाचें आहे.