रक्तशोषकाची कादंबरी आणि डाकिणीचा इतिहास

ऐतिहासिक कादंबरीतील प्रत्येक पात्र कागदपत्रांत आढळलेच पाहिजे, असा आग्रह जाणता वाचक धरीत नाही. रा. भि. गुंजीकरांच्या 1871 साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘मोचनगड’पासून मराठी वाचक कल्पित पात्रांना शिवकालाच्या पार्श्वभूमीवर वावरताना पाहत आला आहे. त्याची अपेक्षा एवढीच असते की, गतकालीन माणसे ज्या भयाने व ज्या श्रद्धेने जगली, त्यांचे मर्म कादंबरीने उकलावे. ही अपेक्षा फसली म्हणजे जी निराशा पदरी येते, तिचे एक बोधप्रद उदाहरण एलिझाबेथ कोस्टोव्हा या अमेरिकन लेखिकेची ‘द हिस्टोरियन’ (2005) ही कादंबरी होय.

या कादंबरीचा आरंभ मोठा आश्वासक आहे. संशोधकांच्या हाती एक गूढ, जुना ग्रंथ येतो. त्यातील कोऱ्या पानांच्या मध्यभागी ड्रॅगनचे काष्ठचित्र असते. या धाग्यावरून अभ्यासक ग्रंथालये, मठ व दप्तरे धुंडाळीत इस्तंबूल, बुडापेस्ट व बल्गेरिया येथपर्यंत जातात. संशोधनाच्या परिश्रमांत रहस्यकथेची उत्कंठा निर्माण करणे, हे लेखिकेचे यश निःसंशय मोठे आहे. परंतु शेकडो पृष्ठांनंतर ड्रॅक्युला प्रकट होतो, तो एक ग्रंथसंग्राहक म्हणून! आपल्या ग्रंथालयाची सूची करून घेण्यासाठी त्याने एका प्राध्यापकाचे अपहरण केलेले असते. वाचकाचा हिरमोड होतो, तो येथे. मात्र हा दोष केवळ शेवटाचा नाही. तो विषयाच्या निवडीतच दडलेला आहे.

ड्रॅक्युला हे नाव ज्याच्यावरून आले, तो तिसरा व्लाद पंधराव्या शतकात वालाचियाचा शासक होता. 1488 साली न्यूरेंबर्ग येथे छापलेल्या पुस्तिकेसारख्या जर्मन पत्रकांनी त्याच्या क्रौर्याची ख्याती पसरविली. परंतु मृत्यूनंतर थडग्यातून उठून रक्त पिणारा अशी त्याची ओळख त्या पत्रकांत नाही. ब्रॅम स्टोकरला हे नाव विल्यम विल्किन्सन याच्या 1820 सालच्या ग्रंथात सापडले, आणि 1897 च्या कादंबरीत राजा व रक्तशोषक यांची सांगड पडली. सारांश, ‘द हिस्टोरियन’मधील अभ्यासक ज्याचा शोध घेतात, तो दप्तरांतून नव्हे तर एका कादंबरीतून जन्मलेला आहे.

दप्तरांतील रक्तशोषक निराळा आहे. 1732 च्या जानेवारीत योहान फ्ल्युकिंगर या लष्करी शल्यचिकित्सकाने सर्बियातील मेद्वेजा गावी थडगी उकरून अहवाल सिद्ध केला. त्यात राजे नाहीत, किल्ले नाहीत. आहेत ते साधे ग्रामस्थ. गावात अकस्मात माणसे दगावू लागली, कारण कळेना, म्हणून दोष नुकत्याच मेलेल्या शेजाऱ्यांवर आला; संशयित प्रेतांची मस्तके तोडून ती जाळण्यात आली. पुढे 1755 साली गेरार्ड व्हान स्वीटेन या राजवैद्याने प्रेत न कुजण्याची नैसर्गिक कारणे दाखवून दिली, आणि मारिया थेरेसा राणीने असल्या प्रेतविटंबनेस मनाई केली.

हे अहवाल वाचताना मराठी अभ्यासकाची दृष्टी सहजच सातपुड्याकडे वळते. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे गाव अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर, गुजरातच्या सीमेलगत वसले आहे. ज्या भिल्ल मुलखात ते मोडते, तेथे ‘डाकीण’ हा शब्द कथेतला नव्हे, व्यवहारातला आहे. डाकीण नजरेने माणसाचे रक्त शोषते, काळीज खाते, अशी समजूत. आजार हटेना, गुरे मरू लागली, की भगताकडे धाव घ्यावयाची आणि त्याने एखाद्या स्त्रीकडे बोट दाखवावयाचे, हा तिचा क्रम. पश्चिम व मध्य भारतातील भिल्ल प्रदेशांविषयीच्या एकोणिसाव्या शतकातील लेखनात संशयित स्त्रीच्या डोळ्यांवर मिरच्या बांधल्याचे व तिला झाडाला टांगल्याचे उल्लेख येतात.

मेद्वेजा आणि सातपुडा येथील आरोपांची घडण एकच आहे: अकारण वाटणारा मृत्यू, जाणत्याचा निर्वाळा आणि जवळच्याच माणसावर ठपका. भेद एवढाच, पण तो भयंकर आहे: तेथे शिक्षा प्रेताला झाली, येथे ती जिवंत स्त्रीला भोगावी लागली. मेवाड संस्थानाने 1853 साली ही प्रथा निषिद्ध ठरविली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा होण्यास 2013 साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या 20 ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, चार दिवसांनी अध्यादेश निघाला व डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे.

कादंबरीकाराने समाजशास्त्राचा प्रबंध लिहावा काय, असा आक्षेप येथे संभवतो. तो गैरलागू आहे. प्रश्न विषयाचा नसून दृष्टिकोनाचा आहे. रक्तशोषकाला अमर सरदार मानले की भय दूरच्या किल्ल्यात जाऊन बसते आणि वाचक निर्धास्त होतो. तोच रक्तशोषक आरोपित शेजारी म्हणून पाहिला, तर भय आरोप करणाऱ्यांच्या मनात सापडते. मग शोध घ्यावयाचा तो थडग्याचा नव्हे. पहिले बोट कोणी दाखविले, त्या स्त्रीची जमीन कोणाकडे गेली, तिच्या बाजूने कोण उभे राहिले, याचा. आरोपित स्त्रीचे स्वतःचे शब्द दप्तरांत क्वचितच उमटतात. जेथे कागद मुका होतो, तेथे कल्पनेला खरा अधिकार प्राप्त होतो. आणि नेमकी तीच जागा ‘द हिस्टोरियन’ने एका ग्रंथप्रेमी पिशाचाला बहाल केली आहे.