'जात' हा शब्द आणि आठवीचा पहिला धडा



लोह्यात बोलायचं तर माळेगावच्या यात्रेपासूनच सुरुवात केलेली बरी. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला जनावरांचा मोठा बाजार भरतो. लाल कंधारी बैल, देवणी गायी, घोडे, गाढवं. दावणीपाशी उभा राहून गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं? "जात कोणती?" तुमच्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा सजीवांच्या वर्गीकरणाचा आहे. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटची पायरी जाती. आणि तुमच्याच शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असतं, त्यातही 'जात' असा एक रकाना आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत मागच्या बाकावर बसून हा धडा ऐकला. सरांनी फळ्यावर माणसाच्या सगळ्या पायऱ्या लिहिल्या आणि सांगितलं, माणसाची जाती एकच, होमो सेपियन्स. एक पोरगा उठला. "सर, मग टीसीवर येगळी येगळी कशी काय असते?" वर्ग हसला. सरांनी "बस खाली" म्हणून पान उलटलं. आमच्या मते त्या दिवशीचा खरा धडा तिथंच सुरू व्हायचा होता.

पोराचं काही चुकलं नव्हतं. शब्द एक आणि अर्थ तीन, हा घोटाळा आपण मोठ्यांनी त्याच्यापुढे ठेवलेला आहे. तो सोडवायचा तर वर्गीकरण म्हणजे काय ते आधी पाहू. वर्गीकरण म्हणजे आधी निकष, मग गट. चरकसंहितेत ज्यांचं मांस आहारात येतं त्या प्राण्यांचे आठ गट आहेत. कुठं राहतो, कसा खातो, हा तिथला निकष, कारण वैद्याला पथ्य सांगायचं होतं. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात निकष इंद्रियांचा: कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. लिनिअसनं १७३५ साली वनस्पतींचे वर्ग पाडले ते मुख्यतः फुलातले पुंकेसर मोजून. निकष बदलला की गट बदलतात. म्हणून कोणताही गट दिसला की विचारायचं, बाबा, निकष काय?

हाच प्रश्न आपल्याकडे फार जुन्या काळी जातीला विचारला गेला. सुत्तनिपातात वासेट्ठसुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद होतो, माणूस ब्राह्मण ठरतो तो जन्मानं की कर्मानं? ते बुद्धाकडे जातात. बुद्ध उत्तराची सुरुवात करतात गवत आणि झाडांपासून. मग किडे-मुंग्या, चार पायांचे प्राणी, साप, मासे, पक्षी. या प्रत्येकात जन्मजात खुणा वेगळ्या, म्हणून जाती वेगळ्या. मग माणसाचे केस, कान, डोळे, हातपाय, एकेक अवयव घेतात आणि म्हणतात, इथं तशी वेगळी खूण सापडत नाही. माणसामाणसांतला फरक व्यवहारातल्या नावापुरता आहे. हे निव्वळ प्रवचन नाही बरं का, ही वर्गीकरणाची तपासणी आहे.

पुढे अश्वघोषाच्या नावावर असलेल्या 'वज्रसूची'त दृष्टांत येतो उंबराचा आणि फणसाचा. फळ खोडाला लागो की फांदीला, फळात फरक पडतो का? मुखातून कोण जन्मला आणि पायातून कोण, या दाव्याला दिलेलं हे उत्तर. उंबर तर आपल्या गावोगावी आहे, पोरांना नेऊन दाखवा. याच नावाच्या उपनिषदाचा विचार मराठीत अभंगांतून मांडला तो सतराव्या शतकात बहिणाबाईंनी. त्या आपल्या मराठवाड्यातल्याच, जन्म देवगावचा, समाधी शिऊरला. स्वतः ब्राह्मण घरातली बाई, गुरू केले तुकोबांना. ब्राह्मण म्हणायचं कुणाला, देहाला की जातीला, हे त्यांनी एकेक करून तपासलं.

आता लिनिअसकडे परत येऊ. १७५८ च्या आवृत्तीत त्यानं माणसाला होमो सेपियन्स हे नाव दिलं आणि वानरांबरोबर एकाच गणात बसवलं. धाडसाचं काम होतं. पण त्याच पानांवर त्यानं खंडांप्रमाणे माणसाचे चार प्रकार पाडले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवून दिले. तिथं मोठ्या शास्त्रज्ञाचाही निकष सुटला आणि पूर्वग्रह आत शिरला.

१९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. परिषद रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. त्यातला एक मुद्दा आपल्या धड्याचाच आहे: जातिव्यवस्था ही वेगवेगळ्या वंशांची विभागणी नाही, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे. पुढे १९४२ मध्ये अर्न्स्ट मायर यांनी जीवशास्त्रातल्या जातीची व्याख्या मांडली. आपसांत प्रजनन होऊन पुढेही वंश चालतो, ती एक जाती. जिवाणूंना ही कसोटी लागू पडत नाही, हे वरच्या वर्गात सांगा. आठवीला माळेगावचा बाजार पुरेसा आहे. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, आणि खेचराचा वंश सहसा पुढे चालत नाही. म्हणून घोडा आणि गाढव या दोन जाती. लाल कंधारी आणि देवणी यांचं मात्र वासरू होतं आणि त्या वासरालाही पुढे वासरं होतात. म्हणजे शेतकरी ज्याला जात म्हणतो तो वाण. जाती एकच.

मग माणसाचं काय? हे तुम्ही सांगू नका, पोरांना सांगू द्या.

राहिला रजिस्टरचा रकाना. तो खोटा आहे असं मुलाला सांगू नये. ज्या अन्यायाची भरपाई करायची, त्याची नोंद ठेवावीच लागते. पण ती नोंद इतिहासाची आहे, निसर्गाची नाही. हा फरक ज्या पोराला कळला, त्याला वर्गीकरण कळलं. पायऱ्यांची नावं परीक्षेपुरती पाठ होतीलच.

पुढच्या वेळी कुणी पोरगा उठून टीसीचं विचारील, तेव्हा त्याला खाली बसवू नका. तास संपला तर संपू द्या.