केल्सच्या ग्रंथाची बांधणी

केल्सचा ग्रंथ हे इ. स. ८०० च्या सुमाराचे चार शुभवर्तमानांचे लॅटिन सचित्र हस्तलिखित डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. त्याची ३४० पाने वासराच्या कातड्याची आहेत. १००७ मध्ये तो आयर्लंडमधील केल्स येथील चर्चमधून चोरीस गेला. सुमारे अडीच महिन्यांनी मातीच्या ढेकळाखाली सापडला, तेव्हा त्यावरचे सोने ओरबाडून नेलेले होते. मूळ बांधणी आज उपलब्ध नाही. एकोणिसाव्या शतकातील बांधणीकाराने पानांच्या कडा कापल्याने काही नक्षीही कायमची गेली.

१९५३ मध्ये रॉजर पॉवेल यांनी ग्रंथ चार खंडांत बांधला. चर्मपत्र हवेतील ओलाव्याने फुगते व कोरड्या हवेत आकसते; पान वाकले की रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून जतनात हवेची आर्द्रता स्थिर राखणे आणि ग्रंथ बेताने उघडणे महत्त्वाचे असते. शिवणीची जुनी छिद्रे, दोऱ्याचे अवशेष व पानांची जुळणी यांवरून अभ्यासक नाहीशा झालेल्या बांधणीचा अंदाज बांधतात. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी अशा प्रत्येक खुणेची नोंद करणे अत्यावश्यक आहे. एकदा पुसलेला पुरावा पुन्हा मिळत नाही.