एका नगरीच्या अनेक नोंदी

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी नांवाची प्राचीन नगरी आहे. येथील भार राजा भगदत्ताचा शिलालेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं वाचून प्रसिद्ध केला. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभही येथलाच. पुढें १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं उत्खनन केलें आणि शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखालीं जगन्नाथ टेकडीवरील बौद्ध स्तूप उजेडांत आला.

ही सामग्री एकत्र पाहूं म्हटलें तर मात्र पंचाईत होते. इंग्रजी ग्रंथांत हें नांव कोठें ‘पौनी’, कोठें ‘पाओनी’ असें लिहिलेलें असतें. १९५० पूर्वींचा नोंदकार तिला मध्यप्रांतांत घालतो, नंतरचा मध्यप्रदेशांत, १९५६ नंतरचा मुंबई राज्यांत आणि १९६० नंतरचा महाराष्ट्रांत. गांव जागचें हललें नाहीं; सरहद्दी तेवढ्या हलल्या. १९९९ मध्यें गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानें जुन्या भंडारा जिल्ह्याच्या याद्याही दुभंगल्या. शिवाय रामटेक तालुक्यांतही एक पवनी आहेच!

यावर संगणकशास्त्रज्ञांनीं काढलेला उपाय म्हणजे ‘सांधलेली माहिती’. टिम बर्नर्स-ली यांनीं तिचे नियम २००६ मध्यें मांडले. प्रत्येक स्थळास, वस्तूस व व्यक्तीस एक कायमची खूण द्यावयाची आणि प्रत्येक माहिती तीन पदांच्या छोट्या वाक्यांत सांगावयाची: ‘स्तंभ – सांपडला – पवनीस’. नांवें कितीही असोत, खूण एकच. त्यामुळें निरनिराळ्या संग्रहालयांच्या याद्या आपोआप जुळतात. त्याच वर्षीं संग्रहालयांसाठीं एक आंतरराष्ट्रीय आराखडाही प्रमाण ठरला. त्यांत घटनेला महत्त्व आहे: शोध, वाचन, स्थलांतर, प्रत्येकाची वेगळी नोंद. जिल्हा व राज्य हींही मग कालमर्यादेसह नोंदतां येतात.

परंतु हें काम नुसतें यांत्रिक नव्हे. लिपीच्या वळणावरून ठरविलेला लेखाचा काळ हें विद्वानाचें मत असतें. ‘बहुधा’ हा शब्द गळाला कीं तेंच मत सिद्धांत होऊन बसतें. दोन पवन्यांना एकच खूण दिली गेली तर पूर्वीं एका पानावर राहणारी चूक आतां शेंकडों याद्यांत पसरेल. म्हणून जुनी नोंद मूळ शब्दांत राखावी, कोणीं व केव्हां म्हटलें तें जोडावें, आणि संशय असेल तेथें संशयच नोंदवावा. जगन्नाथ टेकडी कोठली आणि हरदोलाला टेकडी कोठली, हें पवनीच्या रहिवाशास विचारल्यावांचून ती खूण देण्याची घाई करूं नये.