हुलग्याचे शेंगोळे आणि गव्हाच्या चकोल्या : भीमथडीतील रात्रीच्या जेवणाचा सामाजिक इतिहास
(विशेष संदर्भ : कासुर्डी व दौंड-शिरूर परिसर)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमीन, सारा, कर्ज, पाणी आणि पिके या अंगांनी झालेले आहे. शेतात पिकलेल्या धान्याचे घरात पुढे काय झाले, दिवस मावळल्यावर कुटुंबातील दहा तोंडांसाठी एकच भांडे चुलीवर चढवताना त्यात काय पडले, याची नोंद मात्र दप्तरात सापडत नाही. ज्या कामाला मजुरी नव्हती त्याला कागदही मिळाला नाही, असे याचे सरळ कारण आहे. प्रस्तुत लेखात भीमा खोऱ्यातील दोन पदार्थांचा, हुलग्याचे शेंगोळे आणि गव्हाच्या चकोल्या यांचा, विचार केला आहे. दोन्ही एका भांड्यात होणारे, रात्री कुटुंबाने एकत्र बसून गरम गरम खायचे, पातळ कालवणात कणकेचे वा पिठाचे तुकडे शिजवून केलेले पदार्थ आहेत. वरवर पाहता ती एकाच कल्पनेची दोन रूपे वाटतात. परंतु एक पदार्थ जिराईत जमिनीचा आहे, तर दुसरा कालव्याच्या आणि पुढे रेशनच्या गव्हाचा. या फरकात या परिसराचा दीडशे वर्षांचा इतिहास साठलेला आहे.

कासुर्डी हे गाव दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यालगत, उरुळी कांचन व यवत यांच्या दरम्यान आहे. आजच्या दौंड तालुक्याचा मोठा भाग ब्रिटिश काळात भीमथडी तालुक्यात मोडत असे. उत्तरेस भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. हा सारा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या भागाचे जे चित्र उभे राहते ते बाजरी व ज्वारी खाणाऱ्या प्रदेशाचे आहे. गहू होता, पण तो सणाचा, पाहुण्यांचा आणि विहिरीचे पाणी ज्याच्याकडे होते त्याचा.

चंदीचे धान्य

हुलगा, म्हणजे कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात ते कडधान्य, हलक्या, मुरमाड जमिनीतही येते. बाजरीत तूर, मटकी यांच्यासोबत हुलग्याचे बी टाकण्याची या भागातील जुनी पद्धत आहे. पाऊस लांबला आणि बाजरी हातची गेली, तरी हुलग्याच्या शेंगा बहुधा पदरात पडत. अवर्षणप्रवण मुलखातील शेतकऱ्याने काढलेला तो एक विमाच होता, असे म्हणता येईल.

तथापि हुलग्याला प्रतिष्ठा नव्हती. भीमथडीची ओळख तिच्या तट्टांमुळे होती. मराठ्यांच्या घोडदळात भीमेकाठच्या या काटक घोड्यांचा लौकिक मोठा होता. हरभरा आणि हुलगा ही घोड्यांची चंदी. शिवाय औताच्या बैलालाही कष्टाच्या दिवसांत हुलगा शिजवून घालीत. साहजिकच, जे जनावराच्या तोबऱ्यात जाते ते माणसाच्या ताटात आले की त्यावर गरिबीचा शिक्का बसे. इंग्रजीतही या धान्याला घोड्याच्या नावानेच ओळखतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. आधुनिक आहारशास्त्र या धान्यात शेकडा सुमारे 22 भाग प्रथिने असल्याचे सांगते. गव्हातील प्रमाण 12 च्या आसपास आहे. ज्या धान्याला हलके मानले गेले ते पोषणाने जड होते.

या हुलग्याची दोन रूपे घराघरांत होती. एक माडगे, म्हणजे पिठाचे पातळ, पिण्याजोगे कालवण. दुसरे शेंगोळे. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ, वाटलेला लसूण, तिखट, जिरे, हळद व मीठ घालून ते घट्ट मळतात. तेलाचा हात घेऊन त्याच्या करंगळीएवढ्या वळकट्या वळतात. कोणी त्या तशाच लांबट ठेवतात, कोणी टोके जुळवून कडी करतात. भरपूर लसणाची फोडणी दिलेले पाणी खळखळा उकळू लागले की एकेक शेंगोळा त्यात सोडायचा. उकळी मोडता कामा नये, नाही तर पीठ विरघळून सारा लगदा होतो. शेवटी परातीला चिकटलेले पीठ पाण्याने धुऊन तेही भांड्यात ओतायचे; त्याने रस्सा दाट होतो आणि पिठाचा कणही वाया जात नाही. पावसाळी वा थंडीच्या रात्री हे भांडे चुलीवरून उतरले की वेगळी भाजी, वेगळी आमटी लागत नाही. भाकरी असली तर कुस्करायची. नसली तरी पोट भरते.

येथे पदार्थाच्या घडणीविषयी थोडे विवेचन आवश्यक आहे. गव्हात ग्लूटेन असल्याने त्याची कणीक ताणली जाते, पातळ लाटता येते आणि उकळत्या पाण्यात तग धरते. हुलगा, बाजरी, ज्वारी यांत तो गुण नाही. म्हणून शेंगोळा लाटत नाहीत, तळहातावर वळतात. आणि म्हणूनच बाजरी-ज्वारीची भाकरी थापतात. पिठाचे लांब तुकडे कालवणात शिजवण्याची कल्पना गव्हावाचून प्रत्यक्षात आणायची तर बोटांचे कसब लागते, आणि ते या प्रदेशातील स्त्रियांनी कमावले. पंढरीच्या वाटेवर संत तुकारामांच्या पालखीचा मुक्काम यवतला असतो, तेव्हा गावकरी वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात. पिठले हजारोंसाठी कढईत होते. शेंगोळे तसे होत नाहीत, कारण प्रत्येक शेंगोळा कुणीतरी वळावा लागतो. त्यामुळे हा पदार्थ पंगतीत कधी गेला नाही, घरातच राहिला. आणि घरातला म्हणून लेखनातही आला नाही.

1875 : दोन पुस्तकांबाहेरचे भांडे

सन 1875 या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या वर्षी रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिले छापील पाकशास्त्र म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्याच वर्षी 12 मे रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली आणि हे लोण लवकरच शिरूरच्या गावांत व शेजारच्या नगर जिल्ह्यात पसरले. दख्खनच्या दंग्यांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला, 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, आणि शेतकऱ्याच्या कर्जाची तपशीलवार छाननी झाली. एकीकडे लेखन-वाचन करणाऱ्या वर्गाच्या स्वयंपाकघराचे पुस्तक, दुसरीकडे कुणब्याच्या कर्जाचे पुस्तक. कर्ज काढून आणलेल्या धान्याचे संध्याकाळी काय शिजले, हे दोहोंतही नाही. पाठोपाठ 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ आला.

पुढे 1921 मध्ये हॅरोल्ड मान आणि ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या जिराईत गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय ग्रामीण अर्थशास्त्रातील तो एक पायाभूत ग्रंथ आहे. जमिनीचे तुकडे, कुटुंबाचे उत्पन्न, कर्जाचा बोजा हे त्याचे केंद्र. कुटुंब हे एकक तेथे आले, पण ते जमाखर्चाचे एकक म्हणून. चूल हे एकक म्हणून नव्हे.

कालवा, रेशन आणि चकोल्या

खडकवासला धरणाचे काम 1869 च्या सुमारास सुरू झाले आणि 1870 च्या दशकात मुठा उजव्या कालव्याचे पाणी पुण्याच्या पूर्वेकडे येऊ लागले. हा कालवा पाटसपर्यंत नेण्यात आला. आरंभी पाणीपट्टीच्या धास्तीने शेतकरी पाणी घेण्यास नाखूष होते. दुष्काळाने ही नाखुषी कमी केली. कालव्याखाली ऊस आला, गूळ आला आणि गव्हालाही ओल मिळाली. स्वातंत्र्योत्तर काळात पानशेत (जे 12 जुलै 1961 रोजी फुटले व नंतर पुन्हा बांधले गेले), वरसगाव आणि नवा मुठा उजवा कालवा यांनी हे क्षेत्र वाढवले. शिरूरच्या बाजूस घोड आणि चासकमानच्या पाण्याने हेच घडले, पण उशिरा आणि सर्वत्र नव्हे.

गव्हाचे आणखी एक दार होते, ते रस्त्याने आले. अमेरिकेच्या 1954 च्या पीएल-480 कायद्याखाली आयात झालेला गहू रेशनच्या दुकानांतून गावोगाव पोहोचला. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात बुटक्या वाणांनी देशी गहू स्वस्त केला. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या वाट्याला मिलो आणि सुकडी आली, हे खरे. परंतु दुष्काळ सरल्यावर जे टिकले ते रेशनचे गहू-तांदूळ. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गहू 2 रुपये किलो दराने हक्काचा झाला आणि जानेवारी 2023 पासून लाभार्थी कुटुंबांना तो मोफत मिळू लागला. हुलगा या यादीत कधीच नव्हता.

या पार्श्वभूमीवर चकोल्यांकडे पाहावे लागते. तुरीचे वरण शिजवून त्यास मोहरी, हिंग, लसणाची फोडणी, काळा मसाला, चिंच व गुळाचा खडा. कणकेत हळद, तिखट, ओवा घालून पोळी लाटायची, सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या वरणात सोडायचे. वर साजूक तूप, असल्यास. शहरात यालाच वरणफळे म्हणतात, विदर्भ-खानदेशाकडे डाळफळे; गुजरातेतील डाळढोकळी ही याच कुळातील. चकोल्या नव्या आहेत असे येथे सुचवायचे नाही. पाण्याची सोय असलेल्या घरांत त्या पूर्वीही होत असणार. बदलली ती त्यांची वारंवारता. सणाचा गहू रोजचा झाला, तेव्हा कंटाळवाण्या संध्याकाळचा पदार्थ म्हणून चकोल्यांना जागा मिळाली. लाटून कापण्यास वळण्यापेक्षा वेळ कमी लागतो, ही बाब शेतमजुरीहून परतणाऱ्या बाईच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे.

थोडक्यात अनेकांना पुरवण्याची ही युक्ती जगभर आढळते. अमेरिकेत महामंदीच्या काळात थोडे मांस आणि पुष्कळ पिठूळ पदार्थ एका भांड्यात भाजण्याची रीत बळावली; 1934 मध्ये कॅम्पबेल कंपनीने मशरूमचे दाट डबाबंद सूप बाजारात आणले आणि ते अशा भांड्यांचा ठरलेला घटक बनले. 1971 मध्ये मांस महागलेले असताना जनरल मिल्सने ‘हॅम्बर्गर हेल्पर’ ही पुडी काढली : गोमांसाचा खिमा घरचा, शेवया व मसाला कंपनीचा. फरक इतकाच, की तेथे टंचाईच्या पदार्थाला उद्योगाने नाव, वेष्टन आणि जाहिरात दिली.

भीमथडीत मांस आणि पीठ अशा रीतीने एका भांड्यात एकत्र आले नाहीत. मटण जत्रेचे, ते पाणी घालून वाढवायचे आणि भाकरी रश्श्यात कुस्करून पोट भरायचे. म्हणजे मिश्रण चुलीवर न होता ताटात होई. गोमांसाचा इतिहास तर जातीपासून वेगळा करता येत नाही. गावकीची मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले त्यांच्या घरी ते मांस वाळवून, चान्या करून, टंचाईच्या दिवसांसाठी ठेवले जाई. मार्च 1927 मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि आहाराचा प्रश्न स्वाभिमानाशी जोडला. या स्वयंपाकाच्या स्मृती संकलित करण्याचे काम शर्मिला रेगे व सहकाऱ्यांनी पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून 2009 मध्ये केले. मराठवाड्यापुरते शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) मध्ये केले. त्याच 2015 च्या मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली. भीमथडीतील दलित घरांच्या चुलीचा असा अभ्यास व्हायला हवा, आणि तो त्या घरांतील वृद्ध स्त्रिया सांगू शकतात तोवरच होऊ शकेल. शेंगोळे व चकोल्या यांना ‘गावाचे जेवण’ म्हणताना कोणते गाव, कोणती वस्ती, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

हुलग्याचे पुनरागमन

उसाच्या क्षेत्रात हुलग्याला जागा उरत नाही. बाजरीतील मिश्रपीक मोडले की त्याच्यासोबत हुलगा, मटकीही जातात. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले आणि बाजरीला शहरी प्रतिष्ठा लाभली. भरडधान्य नसल्याने हुलगा त्याही मांडवाबाहेर राहिला. तरी महामार्गावरील ‘गावरान’ ढाब्यांच्या फलकांवर अलीकडे शेंगोळे दिसू लागले आहेत. पुण्यात दरवर्षी भरणाऱ्या, जुन्या तालुक्याचेच नाव धारण करणाऱ्या भीमथडी जत्रेत बचत गटांच्या स्त्रिया ग्रामीण पदार्थ रांधून विकतात. घरी ज्या श्रमाची मोजदाद नव्हती, त्या श्रमाची तेथे ताटामागे किंमत ठरते, हा बदल लहान नाही. शेवयांना पूर्वी पाट आणि हात लागत, आता यंत्र आहे. शेंगोळ्यांना मात्र अजून तेलाचा तळहातच लागतो.